लोवेलची जुनी आयरिश दफनभूमी : दगडावर नसलेली नावं कागदांतून शोधताना

अनघा_मेरिमॅक

बॉस्टनच्या वायव्येला, मेरिमॅक नदीच्या काठी लोवेल हे जुनं गिरणगाव आहे. तिथल्या गोरहॅम स्ट्रीटवरच्या सेंट पॅट्रिक सिमेट्रीतल्या जुन्या भागाच्या नोंदी जुळवायचं काम मी सवडीने करते. आधी दगड वाचायचे, मग चर्चच्या आणि शहराच्या वह्यांशी ते पडताळायचे. जमलंच तर तो माणूस आयर्लंडमधल्या कुठल्या गावचा, तिथपर्यंत पोहोचायचं. इथे जुन्या कागदांत रमणारे बरेच जण आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

१८२२ मध्ये ह्यू कमिस्की नावाचा, आयर्लंडमधल्या टायरोन काउंटीचा (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) मुकादम तीसेक आयरिश मजूर घेऊन बॉस्टनलगतच्या चार्ल्सटाउनहून पायी इथे आला. पॉटकेट कालवा रुंद आणि खोल करायचा होता. कालव्याच्या पाण्यावर कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि मजुरांनी झोपड्या घातल्या त्या वस्तीचं नाव पडलं 'एकर'. १८३१ मध्ये तिथे सेंट पॅट्रिक चर्च झालं, पुढच्याच वर्षी दफनभूमीची जागा झाली. म्हणजे १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळाच्या कितीतरी आधी. आयरिश स्थलांतर म्हटलं की सगळे दुष्काळापासून सुरुवात करतात, पण इथल्या सगळ्यांत जुन्या थडग्यांतले लोक भुकेने पळून आलेले नव्हते. ते कामाच्या शोधात आले होते, आणि त्यांनी आपल्या माणसांसाठी चांगले दगड घडवून घेतले.

हे दगड शाळेच्या पाटीचा असतो त्याच काळ्या दगडाचे. वर विलोचं झाड किंवा कलश, मध्ये क्रूस, कडेला आयर्लंडचं चिन्ह असलेल्या शॅमरॉकची तीन पानं. पाटीचा दगड पावसाला दाद देत नाही, त्यामुळे १८३० च्या दशकातली अक्षरं आजही बोट फिरवून वाचता येतात. नंतरच्या काळात संगमरवराची फॅशन आली आणि घात झाला. आम्लाच्या पावसाने संगमरवर साखरेसारखा झडतो, आणि १८३५ चा काळा दगड स्पष्ट दिसत असताना शेजारचा १८७० चा पांढरा दगड कोरा झालेला असतो.

वाचायची रीत सांगते. एक लांबट आरसा घ्यायचा, दगडाच्या बाजूला उभा धरायचा आणि ऊन त्याच्या पृष्ठभागावरून आडवं सरकेल असं पाडायचं. समोरून पडलेल्या उजेडात आकडा ८ दिसतो, आडव्या उजेडात त्याची डावी बाजू उघडी पडते आणि तो ३ निघतो. एवढ्यानेच मृत्यूचं वर्ष १८३८ चं १८३३ होतं आणि तुम्ही वहीचं भलतंच पान चाळत बसायचे वाचता. खडू, पिठी, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांतलं काहीही दगडाला लावू नये. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास.

या दगडांवर एक गोष्ट असते जी सरकारी कागदात जवळजवळ कधीच सापडत नाही : गाव. "अमक्या पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), काउंटी कॉर्क" किंवा "काउंटी टिपरेरीचा रहिवासी" असं सरळ कोरलेलं असतं. मॅसॅच्युसेट्सने १८४१ पासून जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी राज्यपातळीवर ठेवल्या आणि त्या उत्तम आहेत, पण जन्मस्थळाच्या रकान्यात कारकुनाने सरसकट "आयर्लंड" लिहिलं. जहाजांच्या याद्यांतही तेच.

मात्र दगड मिळाला तो मोजक्यांना. दगडाला पैसे लागत, आणि दगड लावायला मागे कुणी उरावं लागे. बाकीच्यांची फक्त वहीत एक ओळ : तारीख, नाव, वय, जागेचा क्रमांक. मला जे सांगायचं आहे ते या ओळींबद्दल. नुसतं नाव घेऊन शोधायला निघालात तर हाती काही लागत नाही. त्या ओळीच्या आजूबाजूची माणसं शोधावी लागतात. जागा कुणी विकत घेतली, त्याच जागेत आधी-नंतर कुणाला पुरलं, पोराच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण होतं, लग्नाला कोण उभं राहिलं. ही माणसं बहुतेकदा एकाच गावची असतात.

एक उदाहरण देते, नावं न घालता. एका तरुण बाईचा दगड. "वयाच्या तेविसाव्या वर्षी" वारली, म्हणजे बावीस पूर्ण. दगड भावाने उभारलेला, पॅरिश कॉर्कमधली. शहराच्या नोंदीत तिचं वय पंचवीस, कारण क्षय, जन्म "आयर्लंड", आईबापांची नावं नाहीत. इथेच वाट संपली असती. पण भावाच्या पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्यात धर्ममाता म्हणून तीच आहे. त्याच भावाच्या लग्नाला उभा राहिलेला साक्षीदार बॉस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक वर्तमानपत्रातल्या 'हरवलेली माणसं' सदरात सापडला : स्वतःच्या हरवलेल्या भावाचा शोध घेणारी त्याची जाहिरात, आणि तीत पॅरिशच नव्हे तर टाउनलँडसुद्धा, म्हणजे पॅरिशमधली छोटी वाडी. त्यावरून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेल्या पॅरिश वह्या उघडल्या. त्या नावाच्या दोन मुली निघाल्या, दोन वर्षांच्या अंतराने. एकीला दगड उभारणाऱ्याच्याच नावाचा भाऊ आहे, दुसरीला नाही.

अशा कागदांवर आणखी कुणी काम केलं आहे का? अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, कुठलंही.

खडूचा_तुकडा

अनघाताई, फार सुंदर. दोन प्रश्न आहेत. आयरिश नावं म्हणजे पॅट्रिक, मायकेल, मेरी, ब्रिजिट यांतच फिरतात. मग मेरी सलिव्हन नावाची ओळ वहीत दिसली तर ही कोणती, ते कसं ठरवता? आणि 'हरवलेली माणसं' हे सदर नेमकं काय होतं?

अनघा_मेरिमॅक

@खडूचा_तुकडा, सदराचं आधी. 'पायलट'मध्ये ऑक्टोबर १८३१ पासून ते ऑक्टोबर १९२१ पर्यंत, तब्बल नव्वद वर्षं, लोक आपल्या बेपत्ता नातेवाइकांसाठी जाहिरात देत. बायको नवऱ्याला शोधते, आई मुलाला, भाऊ भावाला. "अमक्या गावचा, अमक्या साली अमक्या बंदरातून निघाला, शेवटचं कळलं तेव्हा तमक्या रेल्वेच्या कामावर होता." पैसे देऊन छापायचं, म्हणून प्रत्येक शब्द कामाचा. आपला माणूस ओळखू यावा हाच हेतू असल्यामुळे गाव, बंदर, वर्ष, धंदा सगळं त्यात येतं. या जाहिरातींची सूची झाली आहे, चाळीस हजारांहून जास्त नोंदी आहेत, आणि ती फुकट पाहता येते. वाचताना जीव गलबलतो हे खरं, पण संशोधनाच्या दृष्टीनेही इतका नेमका कागद क्वचितच मिळतो.

आता मेरी सलिव्हन. तिचं नाव बाजूला ठेवायचं आणि बाकीचं सगळं पकडायचं. नवरा असेल तर त्याचा धंदा, राहायची गल्ली, मुलांच्या जन्मतारखा. मुलांच्या नावांचा क्रमही मदत करतो, कारण तिकडे पहिला मुलगा बापाच्या बापावर, दुसरा आईच्या बापावर, पहिली मुलगी आईच्या आईवर अशी रीत होती. सगळ्यांनी पाळली असं नाही, पण अंदाज बांधायला पुरते. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे हे आपल्याला पटकन उमगतं.

स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. कारकून कानाने ऐकून लिहीत होता, सांगणाऱ्याला बऱ्याचदा लिहिता येत नव्हतं, काहींची घरची भाषा आयरिश. डोनोह्यूचे डोनाहो, डनाहू असे पाच प्रकार एकाच कुटुंबाच्या कागदांत दिसतात. पुढचं 'ओ' आणि 'मॅक' कधी असतं, कधी गळतं. वयाला तर अजिबात धरू नका. तीस, चाळीस, पन्नास अशा गोल आकड्यांवर लोक गर्दी करतात.

फिली_देसाई

उत्तम धागा. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, त्यामुळे इथली गोष्ट सांगायलाच हवी. डफीज कट.

१८३२ च्या जूनमध्ये 'जॉन स्टॅम्प' नावाचं जहाज आयर्लंडमधल्या डेरी बंदरातून फिलाडेल्फियाला लागलं. त्यातल्या मजुरांना फिलिप डफी नावाच्या रेल्वे कंत्राटदाराने कामाला घेतलं. डोनेगाल, टायरोन, डेरीकडची माणसं. फिलाडेल्फिया-कोलंबिया रेल्वेसाठी माल्व्हर्नजवळ एक दरी भरायची होती. ऑगस्टमध्ये कॉलऱ्याची साथ तिथे पोहोचली आणि सत्तावन्न माणसं तिथेच गेली, इकडे पाय ठेवून दोन महिनेसुद्धा झालेले नव्हते. भरावाच्या कडेलाच पुरली. ना दगड, ना चर्चची वही. त्या वेळच्या वर्तमानपत्रात आला तो आकडाही कितीतरी कमी.

हे उजेडात आलं ते एका फायलीमुळे. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने हा सगळा पत्रव्यवहार आणि तपास एका फायलीत घालून ती बंद ठेवली होती. कंपनीच्या अध्यक्षांचे साहाय्यक होते त्यांच्याकडे ती राहिली आणि त्यांच्या नातवांच्या, म्हणजे विल्यम आणि फ्रँक वॉटसन या भावांच्या हाती आली. विल्यम वॉटसन हे इमॅक्युलाटा विद्यापीठात इतिहास शिकवत. ती जागा विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर! जमिनीखालचं रडारने पाहणारे भूभौतिकशास्त्रज्ञ टिम बेक्टल आणि हाडांच्या अभ्यासक जॅनेट मंगी यांना बरोबर घेऊन शोध चालला, आणि २००९ च्या मार्चमध्ये पहिले मानवी अवशेष मिळाले.

अनघाताईंच्या मुद्द्याशी जुळणारी गोष्ट आता येते. पहिला सांगाडा एका अठराएक वर्षांच्या मुलाचा. त्याला वरची एक दाढ जन्मतःच नव्हती. जहाजाच्या यादीत डोनेगालचा अठरा वर्षांचा जॉन रडी सापडतो. ही बातमी आयर्लंडमध्ये पोहोचल्यावर तिथल्या रडी घराण्यातल्या काहींनी कळवलं की आमच्याकडेही ती दाढ नसते. २०१३ मध्ये त्याला डोनेगालमधल्या आर्डाराला नेऊन पुरलं. दुसरी कॅथरीन बर्न्स, एकोणतीस वर्षांची विधवा, टायरोनची, सत्तर वर्षांच्या सासऱ्याबरोबर यादीत आहे. तिला २०१५ मध्ये टायरोनमधल्या क्लोनो इथे नेलं. मधल्या काळात, २०१२ मध्ये, इतर अवशेषांना बाला किनविडच्या वेस्ट लॉरेल हिल दफनभूमीत जागा मिळाली. बहुतेक माणसं अजून त्या भरावाखालीच आहेत, कारण मुख्य खड्डा चालू रुळांच्या अगदी लगत आहे.

काही कवट्यांवर जबर मार दिसतो. सगळे कॉलऱ्याने गेले नाहीत, काहींना मारलं, यात मला तरी शंका वाटत नाही. साथ पसरू नये म्हणून, आणि ते आयरिश कॅथलिक होते म्हणून.

रानवारा

@फिली_देसाई, सविस्तर लिहिलंत, आभार. पण शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही. कवटीवर मार आहे हे हाड सांगतं. मारणारा कोण, का मारलं, हे हाड सांगत नाही. त्यासाठी कागद लागतो, आणि त्या फायलीतही खुनाचा कबुलीजबाब नाही. सत्तावन्नपैकी मोजक्याच जणांचे अवशेष हाती आहेत. जॉन रडीची ओळखसुद्धा जहाजाची यादी, वय आणि दात यांच्या जुळण्यावर उभी आहे. जुळणी चांगली आहे, मी ती मान्य करतो. पण "शक्यता दाट" आणि "सिद्ध" यांतलं अंतर अशा कामात सांभाळलंच पाहिजे, नाहीतर पुढचा माणूस आपलं वाक्य पुरावा म्हणून वापरतो.

फिली_देसाई

@रानवारा, दातापुरतं मान्य. माराबद्दल तुम्ही म्हणता ती काळजी रास्त आहे, पण त्या काळातला आयरिश मजुरांबद्दलचा द्वेषही कागदोपत्री आहे. १८३४ मध्ये चार्ल्सटाउनला जमावाने उर्सुलाइन नन्सचा मठ जाळला, १८४४ मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिक चर्च जाळली. हे हवेतलं नाही.

रानवारा

वातावरण होतं, बरोबर. त्या दरीतल्या त्या आठवड्याचा पुरावा मात्र त्याने होत नाही. माझं म्हणणं एवढंच.

मॉन्ट्रियलकर_जोशी

दुष्काळातल्या १८४७ सालाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

सेंट लॉरेन्स नदीत, क्यूबेक शहराच्या खाली, ग्रोस-ईल नावाचं बेट आहे. कॉलऱ्यामुळे १८३२ मध्ये तिथे क्वारंटाइन ठाणं उघडलं. १८४७ च्या मे महिन्यात लिव्हरपूलहून निघालेलं 'सिरिया' हे त्या मोसमातलं पहिलं जहाज आलं, टायफस या साथीच्या तापाचे रुग्ण घेऊन. बेटावर मेलेली पहिली व्यक्ती चार वर्षांची एक मुलगी. महिनाअखेरीस चाळीसेक जहाजं नदीत रांगेने उभी होती. ठाण्याचे डॉक्टर जॉर्ज डग्लस यांनी पुढे स्मारक उभारलं, त्यावर त्या एका वर्षाचा बेटावरच्या दफनांचा आकडा कोरला आहे : ५,४२४. १९०९ मध्ये आयरिश संघटनेने टेकडीवर उंच सेल्टिक क्रूस उभा केला.

इथल्या दफनांना स्वतंत्र दगड नाहीतच, लांब चर आहेत. जमिनीवर आजही लांबट वरंबे दिसतात. तरी नावं मिळतात, कारण क्वारंटाइनच्या दवाखान्याची वही, चर्चच्या दफननोंदी, आणि मेलेल्यांच्या मागे राहिलेल्या सामानाची आणि पैशांची यादी. होय, तशी यादीही होती : कुणाच्या ट्रंकेत काय, खिशात किती. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या बेटाशी संबंधित नोंदी एकत्र करून ऑनलाइन शोधता येतील अशा ठेवल्या आहेत. अनाथ मुलांच्या याद्या वेगळ्या, कारण बरीच पोरं फ्रेंच भाषक कुटुंबांनी घरी नेली. त्यांतल्या अनेकांनी आयरिश आडनाव ठेवलं, म्हणून क्यूबेकच्या खेड्यांत आज फ्रेंचशिवाय काही न बोलणारे रायन भेटतात.

बेटावरून पुढे सुटलेले कितीतरी जण मॉन्ट्रियलला येऊन मेले. पॉइंट सेंट चार्ल्सला तापाच्या रुग्णांसाठी शेड होत्या, ग्रे नन्स या कॅथलिक जोगिणींनी तिथे सेवा केली आणि त्यांच्या रोजनिश्या आता वाचायला उपलब्ध आहेत. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया पूल बांधताना मजुरांना हाडं लागली. त्यांनी नदीतून काढलेला एक प्रचंड काळा खडक तिथे बसवला आणि त्यावर कोरलं की जहाजी तापाने मेलेल्या ६,००० स्थलांतरितांच्या अवशेषांची विटंबना होऊ नये म्हणून हा दगड. तो खडक आज दोन रस्त्यांच्या मध्ये गाड्यांच्या गर्दीत उभा आहे. २०१९ मध्ये नव्या मेट्रोच्या खांबासाठी खणताना तिथे पुन्हा अवशेष निघाले. इतक्या लोकांवरून आपण रोज गाडी नेतो याचा मला त्रास होतो.

खडूचा_तुकडा

ट्रंकेतल्या सामानाची यादी! हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. म्हणजे जिवंत माणसापेक्षा त्याच्या पेटीची नोंद जास्त तपशीलवार.

अनघा_मेरिमॅक

@मॉन्ट्रियलकर_जोशी, तुमच्या प्रतिसादामुळे आमच्याकडची एक मोठी अडचण सांगायची आठवण झाली. लोवेलमधल्या पुष्कळ लोकांची बॉस्टनच्या जहाजयादीत नोंद सापडत नाही. अमेरिकेत १८२० पासून जहाजांच्या याद्या ठेवायचा कायदा आहे, मग ही माणसं गेली कुठे? ती क्यूबेकला किंवा न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला उतरून जमिनीवरून खाली आली. ब्रिटिश अमेरिकेचं, म्हणजे आजच्या कॅनडाचं, भाडं स्वस्त होतं, लाकूड घेऊन युरोपला गेलेली जहाजं परत येताना माणसं भरत. आणि कॅनडाची सरहद्द ओलांडणाऱ्यांची नोंद १८९५ पर्यंत ठेवलीच जात नव्हती. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून हताश होऊ नका, आणि कुणाचं तरी सारखं नाव बॉस्टनच्या यादीत दिसलं म्हणून तेच आपलं माणूस असंही धरू नका.

मीनल_डब्लिन

मी नोकरीनिमित्त डब्लिनला असते आणि सुट्टीच्या दिवशी बिशप स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसायची मला आवड आहे. आयर्लंडच्या बाजूचं थोडं लिहिते.

३० जून १९२२. आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना त्यात जवळजवळ संपूर्ण नष्ट झाल्या, अनेक प्रोटेस्टंट पॅरिशच्या वह्या आणि मृत्युपत्रंही. १८६१ ते १८९१ च्या जनगणना तर त्याआधीच सरकारनेच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे पूर्ण उरलेली पहिली जनगणना १९०१ ची. ज्याचा माणूस १८३० मध्ये अमेरिकेला गेला त्याला ती काय कामाची?

मग काय उरतं? कॅथलिक पॅरिशच्या वह्या, कारण त्या पॅरिशमध्येच होत्या, डब्लिनला आणलेल्या नव्हत्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रं २०१५ पासून फुकट खुली केली, साधारण १८८० पर्यंतची. मात्र पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये वह्या उशिरा सुरू झाल्या. मेयो, गॉलवे, डोनेगालच्या कितीतरी ठिकाणी १८४० च्या आधीचं काहीच नाही. बाप्तिस्मे आणि लग्नं मिळतील, दफनं मात्र क्वचित. तिथल्या कॅथलिक पाद्र्यांनी दफनाची नोंद फारशी ठेवलीच नाही. म्हणजे घरी मेलेल्या भावापेक्षा लोवेलला मेलेल्या बहिणीच्या मृत्यूचा कागद मिळायची शक्यता जास्त!

मग दोन जमीनकराच्या वह्या : १८२३ ते १८३७ मधली टाइद (म्हणजे चर्चसाठीचा कर) अप्लॉटमेंट बुक्स आणि १८४७ ते १८६४ मधलं ग्रिफिथचं मूल्यांकन. कुटुंबप्रमुखाचं नाव, टाउनलँड, जमीन किती. भूमिहीन मजूर टाइदच्या वहीत येत नाहीत हे मोठं भगदाड. आणि एक अनपेक्षित जागा : १९०८ च्या कायद्याने सत्तरीच्या वर पेन्शन सुरू झाली. म्हाताऱ्यांकडे जन्माचा दाखला नाही, कारण सर्वांची जन्मनोंद १८६४ पासूनची. म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून त्यांचं नाव शोधून द्यायचे अर्ज झाले. जनगणना जळाली, पण हे अर्ज आणि त्यांवरची उत्तरं बरीच वाचली. आईबापांची नावं, गाव, भावंडं, सगळं त्या फॉर्मवर.

बोरूबहाद्दर

मी मोडी वाचतो, लॅटिन नाही. तरी अनघाताईंना एक सुचवतो. त्या पाद्र्याची वही हाती आली की आधी त्याच्या अक्षरांची बाराखडी करा. तारखा, महिने, वारंवार येणारे शब्द यांवरून त्याचा एन, यू, डब्ल्यू, लांब एस कसा आहे ते एका कागदावर उतरवून घ्या. मग अडलेल्या आडनावावर जा. पाद्री बदलला की नवी बाराखडी.

अनघा_मेरिमॅक

@बोरूबहाद्दर, अगदी हेच करते, आणि लॅटिनची भीती वाटून कुणी थांबू नये म्हणून सांगते : तीस-चाळीस शब्दांत काम भागतं. जेकोबस म्हणजे जेम्स, जोअनेस म्हणजे जॉन, ब्रिजिडा, होनोरा, कॅथरिना. आडनावं लॅटिनमध्ये जात नाहीत.

@मीनल_डब्लिन, पेन्शनवरून आठवलं, आमच्याकडेही पेन्शनच कामी येते. अमेरिकेच्या यादवी युद्धात मॅसॅच्युसेट्सच्या नवव्या आणि अठ्ठाविसाव्या या आयरिश पलटणी लढल्या. मेलेल्या शिपायाच्या विधवेला लग्न झाल्याचा पुरावा द्यावा लागे. लग्न आयर्लंडमध्ये झालेलं असेल तर तिथल्या पाद्र्याचं पत्र मागवलं जाई आणि ते आजही फायलीत असतं. मुलगा गेला आणि आई त्याच्यावर अवलंबून होती, तर तिची जबानी. अशा जबान्यांत शेजारी काय म्हणाला, घरमालक काय म्हणाला, दुकानदाराची उधारी किती, सगळं येतं.

न्यूयॉर्कमध्ये कुणी शोधत असेल तर एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेच्या वह्या आधी पाहा. १८५० मध्ये ही बँक आयरिश लोकांसाठी निघाली. सही न करता येणाऱ्या खातेदाराची ओळख पटवायला त्याला गाव, जहाज, आईबाप, भावंडं असे प्रश्न विचारत आणि उत्तरं लिहून ठेवत. सावधगिरीसाठी केलेली ती नोंद आज कुटुंबाचा अख्खा ताळेबंद देते.

पुणेरी_पगडी

आमच्या पुण्या-खडकीकडच्या, नगरच्या जुन्या दफनभूमींतही आयरिश नावं दिसतात. ती याच जातीची का? त्यांचं कुठे शोधायचं?

मीनल_डब्लिन

@पुणेरी_पगडी, ते स्थलांतरित नव्हेत, पलटणीतले. पण नातं पक्कं आहे. कंपनी सरकारच्या मुंबईच्या गोऱ्या फौजेची सगळ्यांत जुनी पलटण पुढे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली आणि १८८१ मध्ये तीच रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन बनली. कंपनीच्या गोऱ्या शिपायांत आयरिश भरती भरपूर होती. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या प्रती लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात एन/३ या खुणेखाली आहेत. एन/१ बंगाल, एन/२ मद्रास. शिपायाच्या भरतीच्या कागदावर मात्र पॅरिश आणि काउंटी असते, तेव्हा दगडापासून पलटण आणि पलटणीपासून गाव असं जा.

रानवारा

माझी एक तक्रार राहून गेली. वंशावळीच्या संकेतस्थळांवर लोक एकमेकांची झाडं जशीच्या तशी उचलतात. कुणीतरी कॉर्कचा बाप्तिस्मा लोवेलच्या माणसाला चिकटवतो, मग तीसजण तेच उतरवतात, आणि नंतर येणाऱ्याला वाटतं तीस जणांची साक्ष आहे. अनघाताई, तुम्ही तुमच्या नोंदी कशा ठेवता?

अनघा_मेरिमॅक

@रानवारा, प्रत्येक कागदात जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं, चुकांसकट, वेगळ्या रकान्यात. माझा निष्कर्ष दुसऱ्या रकान्यात, आणि तो कशावरून काढला ते तिसऱ्यात. दगडाचं वय बावीस आणि शहराच्या वहीतलं पंचवीस, दोन्ही राहतात, मी त्यांची सरासरी काढत नाही. लोवेलच्या १८४९ पर्यंतच्या नोंदींचे १९३० मध्ये छापलेले खंड आहेत, त्यांत हीच शिस्त दिसते : एखादी नोंद थडग्यावरून घेतली असेल तर शेजारी जी. आर. (ग्रेव्हस्टोन रेकॉर्ड) अशी अक्षरं असतात. त्यावरून कळतं की आज दगड नसला तरी तेव्हा होता. काही हरवलेल्या दगडांचा मजकूर फक्त तिथेच उरला आहे.

आणि न जुळलेल्या ओळीही मी तशाच ठेवते, "जुळणी नाही" असं लिहून. त्यात लहान मुलं सगळ्यांत जास्त आहेत. एका उन्हाळ्याची पानं काढली तर आमांश, दात येताना, पुन्हा आमांश, वय अकरा महिने, वय दोन वर्षं. त्यांना आयर्लंडमध्ये शोधायचं नसतं, ती इथेच जन्मलेली. पण त्यांच्यामुळे आईबाप एकाच जागेच्या क्रमांकाला बांधले जातात, म्हणून त्यांची ओळ कधीही वगळू नये.

मीनल_डब्लिन

अनघाताई, तुमच्या धाग्यातल्या त्या कॉर्कच्या बाईचा टाउनलँड कळला आहे ना? मला पॅरिश आणि टाउनलँड कळवा. मी टाइदची वही आणि ग्रिफिथ दोन्ही बघते. ग्रिफिथनंतर जमीन कुणाच्या नावे गेली हे दाखवणाऱ्या मूल्यांकन कार्यालयाच्या रंगीत शाईच्या दुरुस्ती वह्याही आहेत. कुणी मागे राहिलं असेल तर त्यात दिसेल.

अनघा_मेरिमॅक

मीनल, मनापासून आभार. निरोपातून पाठवते. बापाचं नाव दोन्ही बाप्तिस्म्यांत एकच असल्यामुळे टाइदच्या वहीत त्या टाउनलँडला त्या नावाचे दोन शेतकरी आहेत की एक, हे आधी बघ. दोन असतील तर भावाच्या आधाराने केलेली निवड मला पुन्हा तपासावी लागेल, आणि एकच असेल तर दुसऱ्या मुलीचा बाप भूमिहीन होता का, हे ग्रिफिथमध्ये पाहता येईल.